कोळंबी पास, चिखल नापास

युरोपातल्या एखाद्या बंदरात वीस टन गोठवलेल्या कोळंबीचा कंटेनर उघडतो. नमुना प्रयोगशाळेत जातो आणि त्यात क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचा माग काढला जातो. २००३ पासून जवळजवळ दोन दशकं तिथली मर्यादा होती किलोमागे ०.३ मायक्रोग्रॅम. नोव्हेंबर २०२२ पासून ती निम्म्यावर, ०.१५ वर आली. जुन्या मर्यादेनं हिशेब मांडला तरी अख्ख्या कंटेनरमध्ये मिळून सहा मिलिग्रॅम औषध भरतं. माणसांसाठी याच औषधाची २५० मिलिग्रॅमची कॅप्सूल येते. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये चाळीसेक कंटेनर परत पाठवायची ताकद!

इतकं बारीक बघणारी यंत्रं हाताशी आहेत, मग मत्स्यशेतीतल्या औषध-प्रतिकाराची जगाला एवढी धास्ती का? कारण यंत्र औषध शोधतं. औषधाला दाद न देणारा जंतू शोधणं हे त्याचं कामच नाही. औषध बंद केलं की काही दिवसांत ते माशाच्या अंगातून उतरतं, यंत्र ‘पास’ म्हणतं आणि माल जहाजावर चढतो. त्या औषधाशी झुंजून तगलेले जंतू मात्र मागे तळ्याच्या गाळात मुक्कामाला राहतात आणि पुढच्या हंगामाच्या पिल्लांची वाट बघतात.

मासे वाढवणारे, ते परदेशी धाडणारे आणि ते तपासणारे या तिन्ही घरांत गेल्या चाळीसेक वर्षांत बरंच काही घडलं. बातमीत त्यातले फक्त आकडे आले. त्या आकड्यांच्या मागचे हे काही किस्से.

खाद्याचा दोष की जंतूचा?

१९७० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेच्या हित्रा बेटाभोवतीच्या पिंजऱ्यांत सॅमन मासे मरू लागले. पिंजरे म्हणजे समुद्रात सोडलेली जाळ्यांची मोठमोठी कुंपणं. मासे मरत होते ऐन थंडीत, अंगात जागोजागी रक्तस्राव होऊन. रोगाला बेटाचंच नाव पडलं आणि संशोधकांत दोन तट पडले. मेलेल्या माशांच्या हृदयाची आणि स्नायूंची झीज झालेली दिसत होती, म्हणून काहींना खाद्यात ई-जीवनसत्त्व कमी पडत असल्याचा संशय होता. दुसरा तट म्हणत होता, हे जंतूचं काम आहे. १९८६ मध्ये एमी एगिडियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थंड पाण्यातच फोफावणाऱ्या त्या जंतूचं रीतसर वर्णन केलं, त्याला व्हिब्रिओ सॅल्मोनिसिडा हे नाव दिलं आणि वाद मिटला.

तोवर मासेवाले काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. खाद्यात प्रतिजैविक कालवायचं आणि पिंजऱ्यात टाकायचं, हा उपाय सगळ्यांना माहीत झाला होता. त्यात १९८५ मध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या पिल्लांबरोबर फ्युरन्क्युलोसिस हा दुसरा रोग आला. १९८७ साली नॉर्वेतल्या मत्स्यशेतीनं जवळपास ५० टन प्रतिजैविकं वापरली. त्या वर्षी सॅमन पिकला तोही ५० हजार टनांच्या आसपास. टनभर माशाला एक किलो औषध!

पुढे हा आकडा कोसळला, त्याचं श्रेय सहसा ‘कडक कायद्यां’ना दिलं जातं. कायदे होतेच. पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय औषध मिळत नसे, प्रत्येक चिठ्ठीची नोंद होई, एका जागी एकाच वयाचे मासे ठेवायचे आणि ते काढल्यावर ती जागा काही काळ रिकामी सोडायची, अशी शिस्तही लागली. पण आकड्याला खरा धक्का दिला तो लशीनं. हित्रा रोगाची लस १९८० च्या दशकाअखेर आली आणि तिनं काम केलं. फ्युरन्क्युलोसिसच्या पाण्यात बनवलेल्या लशी मात्र फसल्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तेलात घोटलेली लस आली, तेव्हा कुठे तो रोग आवरला. दशकाच्या मध्यापर्यंत ५० टनांचे साधारण एक टन झाले. आज नॉर्वे १५ लाख टनांच्या घरात सॅमन पिकवतो आणि बहुतेक वर्षी त्याला एक टनही प्रतिजैविक लागत नाही.

बोटात गेलेली सुई

ही लस माशाला द्यायची कशी, हा प्रश्न अहवालांत एका ओळीत संपतो. प्रत्यक्षात ते हातांचं काम होतं. समुद्रात सोडण्याआधीचे कोवळे मासे गुंगीच्या पाण्यात बुडवायचे, टेबलावर घ्यायचे आणि एकेकाच्या पोटात सुई टोचायची. एकेका कामगाराच्या हाताखालून दिवसाला हजारो मासे जात. हात ओले, मासा निसरडा, कामाचा वेग जबर. सुई कधी ना कधी स्वतःच्या बोटात जायचीच.

साध्या लशीनं फारसं बिघडलं नसतं, पण ही तेलातली. बोटात गेली की ते सुजायचं, ठणकायचं, दुखणं लांबायचं. काहींना तीव्र ॲलर्जीचा झटका आल्याच्याही नोंदी आहेत. नॉर्वेतल्या व्यवसाय-आरोग्याच्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात या जखमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुईला आडोसा असलेली पिस्तुलं आली, मग यंत्रं आली.

माशालाही या लशीची किंमत मोजावी लागली. तेलामुळे पोटातले अवयव एकमेकांना आणि पोटाच्या भिंतीला चिकटू लागले. किती चिकटले हे मोजायला शून्य ते सहा गुणांची ‘स्पाइलबर्ग पट्टी’ वापरात आली आणि लसकंपन्यांच्या संशोधकांना मासे चिरून गुण देत बसावं लागलं. लशीची मात्रा ०.२ मिलिलिटरवरून हळूहळू ०.१ वर आणि पुढे ०.०५ वर उतरवली, तसं हे चिकटणं कमी झालं. नॉर्वेच्या यशाचा आलेख परिषदांत नेहमी दाखवतात, त्याच्या उताराखाली ही सुजलेली बोटं आणि चिकटलेली आतडी आहेत.

तीच कंपनी, दुसरा समुद्र

हेच तंत्र, हाच मासा आणि काही ठिकाणी तर याच नॉर्वेजियन कंपन्या दक्षिण अमेरिकेत चिलीच्या किनाऱ्यावर उतरल्या. सॅमन हा चिलीचा मूळ मासा नव्हे, तो तिथं आणून वाढवलेला. १९८९ च्या सुमारास तिथल्या कोहो सॅमनमध्ये एक नवा रोग दिसला. त्याचा जंतू पिसिरिकेट्सिया सॅल्मोनिस. हा जंतू माशाच्या पेशींच्या आत दडून राहतो, त्यामुळे लस दिली तरी तिचं संरक्षण पुरेसं टिकत नाही. नॉर्वेला तारणारी सुई इथं बोथट ठरली आणि फ्लॉरफेनिकॉल या प्रतिजैविकाची पोती रिकामी होऊ लागली. २०१४ मध्ये चिलीच्या सॅमनशेतीनं ५६० टनांहून जास्त प्रतिजैविकं वापरली. त्याच वर्षी नॉर्वेनं तिच्याहून जास्त मासा पिकवला आणि औषध वापरलं एक टनाहून कमी.

देशाचा एकूण आकडा सरकार जाहीर करत होतं. कोणत्या कंपनीनं किती औषध वापरलं हे मात्र कुणी सांगायला तयार नव्हतं. सागर संरक्षणासाठी काम करणाऱ्या ‘ओशियाना’ या संस्थेनं माहिती मागितली. कंपन्यांनी हरकत घेतली की यानं आमचं व्यापारी गुपित फुटेल. प्रकरण सान्तियागोच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१६ मध्ये न्यायालयानं माहिती द्या असा निकाल दिला. माशाला दिलेलं औषध हे व्यापारी गुपित कसं, हा प्रश्न सुटायला दोन वर्षं आणि एक न्यायालय लागलं.

बाजार मात्र न्यायालयासाठी थांबला नाही. २०१५ मध्येच अमेरिकेतल्या कॉस्टको या बड्या दुकानसाखळीनं चिलीकडची खरेदी कमी करून नॉर्वेकडे वळत असल्याचं सांगितलं होतं. मूळचे चिलीचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फेलिपे काबेयो हे न्यूयॉर्कमधून कित्येक वर्षं हेच बजावत होते. ओरड शास्त्रज्ञानं आधी केली, धंद्याला ती ऐकू आली गिऱ्हाईक हलल्यावर.

आजारी मासा जेवत नाही

प्रतिजैविक खाद्यातून देण्यात एक मूलभूत गोची आहे आणि ती तळ्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. आजारी मासा आधी खाणं सोडतो. त्यामुळे ज्याला औषधाची गरज, त्याच्या पोटात ते जातच नाही. खातात ते धडधाकट मासे. गाई-म्हशींसारखं एकेकाला धरून औषध पाजता येत नाही, म्हणून एकट्याच्या आजारात अख्ख्या तळ्याला डोस मिळतो.

जे पोटात जातं तेही सगळं अंगी लागत नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिनचंच उदाहरण घ्या. समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याला बांधून ठेवतात, मासा त्यातलं थोडंच शोषतो आणि बाकीचा मोठा भाग विष्ठेवाटे बाहेर पडतो. न खाल्लेलं खाद्य आणि ही विष्ठा पिंजऱ्याखाली साचते. तिथल्या गाळात अंधार असतो, प्राणवायू नसतो, त्यामुळे औषध विघटित व्हायला वेळ लागतो. अशा गाळात जंतू मरण्याइतकं औषध नसतं, तगून शहाणं होण्याइतकं असतं.

नॉर्वेतल्या बर्गनच्या संशोधकांनी १९९० च्या सुमारास पिंजऱ्यांखालचा गाळ आणि आसपासचे रानटी मासे तपासले. पिंजऱ्यातून निसटणाऱ्या खाद्यावर ताव मारायला जमलेल्या त्या माशांत त्यांना ऑक्सोलिनिक ॲसिड हे औषध सापडलं. चिलीतही २००७ च्या एका अभ्यासात सॅमनच्या पिंजऱ्यांजवळ पकडलेल्या रानटी माशांत टेट्रासायक्लिन आणि क्विनोलोन गटातली औषधं निघाली. ज्या माशाला कुणी कधी औषध दिलं नाही, त्याच्याही मांसात ते होतं. जाळ्याला भोकं असतात, ही गोष्ट औषधाच्या हिशेबात कुणी धरलीच नव्हती.

बाळाच्या बरणीचं झाकण

आता तपासणीच्या घरातला किस्सा. नायट्रोफ्युरान गटातल्या औषधांवर युरोपात बंदी आहे. मूळ औषध माशाच्या अंगात झपाट्यानं नाहीसं होतं, म्हणून प्रयोगशाळा त्याचे मागे उरलेले तुकडे शोधतात. नायट्रोफ्युराझोन या औषधाचा असा तुकडा म्हणजे सेमिकार्बाझाइड. तो सापडला की शेतकऱ्यानं बंदी असलेलं औषध वापरलं, असा सरळ निष्कर्ष.

२००३ मध्ये या सरळपणाला पहिली ठेच लागली. हाच तुकडा बाळांच्या खाण्याच्या काचेच्या बरण्यांत सापडला. बाळाच्या गाजराच्या लगद्याला नायट्रोफ्युराझोन कोण देणार? शोध घेतला तेव्हा गुन्हेगार निघालं झाकण. झाकणाच्या आतली मऊ गादी फुगवायला अझोडायकार्बोनामाइड वापरत, ते तापलं की सेमिकार्बाझाइड तयार होई. युरोपनं २००५ मध्ये अन्नाला लागणाऱ्या प्लॅस्टिकमधून ते रसायन हद्दपार केलं.

दुसरी ठेच बांगलादेशात लागली. गोड्या पाण्यातल्या मोठ्या गोल्डा कोळंबीत तिथं वारंवार सेमिकार्बाझाइड सापडू लागलं. माल परत येऊ लागला, तेव्हा २००९ मध्ये बांगलादेशानं युरोपला होणारी तिची निर्यात स्वतःहून काही काळ थांबवली. शेतकरी शपथेवर सांगत होते की आम्ही औषध दिलेलंच नाही. विश्वास कोण ठेवणार? अखेर बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी या कोळंबीवर नियंत्रित प्रयोग केला आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापला. औषधाचा थेंबही न मिळालेल्या कोळंबीत सेमिकार्बाझाइड होतं आणि त्याचा मोठा साठा होता तिच्या कवचात. ते तिच्या अंगातच तयार होत होतं. पुढे युरोपच्या २०१९ च्या नियमावलीत गोड्या पाण्यातल्या क्रेफिशच्या बाबतीत ही नैसर्गिक निर्मिती लेखी मान्य झाली.

औषध वापरणारे शेतकरी नव्हते असं मुळीच नाही. होते आणि पुष्कळ होते. पण या प्रकरणात निर्दोषांनाही शिक्षा झाली आणि तिचा एक वाईट परिणाम अजून टिकून आहे. तळ्यावरच्या माणसाचा प्रयोगशाळेवरचा विश्वास उडाला. ‘मशीन काय, काहीही दाखवतं’ असं एकदा मनात बसलं की खरी चूक पकडली गेली तरी ती कुणी मनावर घेत नाही.

क्लोरॅम्फेनिकॉलचीही अशीच एक गोष्ट आहे. २००१-०२ मध्ये आशियाई कोळंबीत ते सापडल्यावर युरोपात मोठा गदारोळ झाला. त्या वर्षांत निर्यातदार आणि तपासनीस या दोघांत एक संशय उघड बोलला जाई, तो कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या हातांचा. बर्फात आठ-आठ तास काम करून बोटं चिरायची, त्यावर मलम लावलं जायचं आणि काही मलमांत हेच औषध असायचं. किलोला ०.३ मायक्रोग्रॅमची मर्यादा असेल तर एका बोटावरचं मलमही पुरेसं. तपासनिसांचं लक्ष मलमाकडे गेलं. ज्या चिरलेल्या बोटांमुळे मलम लागत होतं, त्यांच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

गोठवलेल्या कोळंबीचा चकवा

२००९ नंतर चीन, व्हिएतनाम, मलेशिया आणि थायलंडमधल्या तळ्यांत सोडलेलं कोळंबीचं बीज महिनाभराच्या आत मरू लागलं. कारण कळेना. विषाणू म्हणावा तर सापडत नव्हता. शेतकरी जे हाताला लागेल ते प्रतिजैविक टाकत होते, बीज मरतच होतं.

अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात डोनाल्ड लाइटनर हे कोळंबीच्या रोगांचे जगातले मोठे जाणकार. त्यांच्याकडेही आजारी कोळंबी पोचली, पण गोठवून. ती निरोगी कोळंबीला खाऊ घातली तर काहीच होईना. रोग जणू वाटेतच विरघळत होता. कारण पुढे समजलं: गोठवल्यावर या रोगाची लागण करण्याची ताकदच जात होती. त्यांचा व्हिएतनामी विद्यार्थी लोक ट्रान आपल्या देशातल्या तळ्यांवरच्या ताज्या नमुन्यांकडे वळला. २०१३ मध्ये दोघांनी गुन्हेगार जाहीर केला. तो होता व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस, किनाऱ्यावरच्या पाण्यात सर्रास आढळणारा जंतू. पुढे कळलं की साध्या जंतूला मारेकरी बनवणारं विष एका प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतू एकमेकांना देऊ शकतात अशा जनुकांच्या सुट्या वेटोळ्यावर आहे. औषधाला न जुमानण्याची जनुकंही पुष्कळदा अशाच प्लाझ्मिडांवरून एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात.

या प्रकरणातला सगळ्यात बोचरा निष्कर्ष गेंटच्याच पीटर द श्रायव्हर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडला. बीज सोडण्याआधी तळं क्लोरीननं धुऊन काढणं ही चांगली सवय समजली जाते. पण सगळे जंतू मारले की रिकाम्या जागेत सर्वांत आधी वाढतात ते व्हिब्रिओसारखे झपाट्यानं फोफावणारे. म्हणजे माणूस तळं साफ करत होता आणि शत्रूसाठी मैदान मोकळं होत होतं. जुन्या, ‘मुरलेल्या’ हिरव्या पाण्यात, तिलापियासारखे मासे सोबतीला असलेल्या तळ्यात हा रोग कमी दिसला, त्याचं कारण हेच असावं असं त्यांचं म्हणणं.

कोळंबीला नॉर्वेची वाट मोकळी नाही, हेही इथं सांगायला हवं. सॅमनसारखी प्रतिपिंडं तयार करून रोग लक्षात ठेवणारी यंत्रणा कोळंबीकडे नाही, म्हणून सॅमनसारखी लस तिच्यावर चालत नाही. तिच्यासाठी उपाय तीनच: रोगमुक्त बीज, चांगलं पाणी आणि कमी गर्दी. तिन्हींना पैसे लागतात, औषधाच्या पुडीला त्याहून कमी.

भारतातली पुडी

आपल्याकडे १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगानं पूर्व किनाऱ्यावरची वाघ्या कोळंबीची तळी उद्ध्वस्त केली. हा रोग विषाणूचा, त्यावर प्रतिजैविक शून्य उपयोगाचं. तरी ती वापरली गेली, कारण बुडत्या शेतकऱ्याला दुकानदारानं हातात काहीतरी द्यावंच लागतं. २००९ मध्ये व्हॅनामेई कोळंबीला परवानगी मिळाली आणि आंध्रच्या किनाऱ्याचं रूप पालटलं. थायलंडचं उत्पादन त्या गूढ रोगानं जवळपास निम्म्यावर आलं असताना २०१३ मध्ये भारत अमेरिकेच्या कोळंबी बाजारातला पहिला पुरवठादार बनला. कोकणातल्या खाजणांतही, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत, याच व्हॅनामेईची तळी आहेत.

नियम आपल्याकडे आहेत. २००५ च्या कायद्यानं स्थापन झालेल्या किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरणानं २० प्रतिजैविकं आणि औषधी द्रव्यांवर बंदी घातली आहे. सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण म्हणजे ‘एमपीडा’ कोळंबी काढण्याआधी तपासणी करून दाखला देतं. २०१६ मध्ये युरोपनं भारतीय मत्स्यशेतीच्या मालाची तपासणी दहा टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर नेली, तेव्हापासून त्या दाखल्याचं वजन आणखी वाढलं.

तळ्यावरची गोष्ट निराळी असते. कोळंबी चेक ट्रेमधलं, म्हणजे तळ्यात तपासणीसाठी सोडलेल्या ताटलीतलं, खाद्य सोडू लागली की मालकाच्या पोटात गोळा येतो. काढणी आत्ताच केली तर कोळंबी बारीक, भाव पडेल. थांबलो तर सगळंच जाईल. अशा वेळी खाद्यावर चिकटवणारा बाइंडर लावून जे चढवलं जातं त्याच्या पुडीवर बहुधा ‘प्रोबायोटिक’, ‘गट टॉनिक’, ‘ग्रोथ प्रमोटर’ असं काहीबाही छापलेलं असतं. मत्स्यशेतीत वापरायच्या वस्तूंना ‘प्रतिजैविकमुक्त’ असल्याचं प्रमाणपत्र घ्यायला लावण्याची पाळी प्राधिकरणावर आली, यातच सारं आलं. प्रामाणिक शेतकऱ्यालाही आपण तळ्यात काय टाकतोय याची खात्री नव्हती.

आणि दाखला? तो कोळंबीचा असतो. तळ्याच्या पाण्याचा, गाळाचा, ते पाणी ज्या खाडीत सोडलं त्या खाडीचा नसतो.

वर्सोव्याच्या प्रयोगशाळेत

मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी मुंबईच्या किरकोळ बाजारातून ताजी मासळी विकत आणली, तुम्ही-आम्ही आणतो तशीच, आणि तिच्यावरच्या ई-कोलाय जंतूंची तपासणी केली. त्यात त्यांना एनडीएम-५ हे जनुक मिळालं. २०१६ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. एनडीएम जनुक बाळगणाऱ्या जंतूवर कार्बापेनेम गटाची औषधं चालत नाहीत आणि ही औषधं डॉक्टर अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात.

समुद्रातल्या माशाला कुणी कार्बापेनेम देत नाही. मग हे आलं कुठून? संशय शहराच्या सांडपाण्यावर, बंदरावरच्या आणि बाजारातल्या पाण्या-बर्फावर, हाताळणीवर जातो. म्हणजे इथं वाट उलटी आहे: जंतू माणसाकडून माशाकडे आला आणि टोपलीतून पुन्हा माणसाच्या घरी निघाला.

दुसऱ्या दिशेची वाटही सापडलेली आहे. अमेरिकेत अलाबामातल्या एका रुग्णाच्या जंतूत क्विनोलोन औषधांना रोखणारं एक जनुक १९९८ मध्ये जाहीर झालं. ते प्लाझ्मिडवर होतं. ते आलं कुठून, हे सात वर्षं कोडं होतं. २००५ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी त्याचं मूळ घर शोधून काढलं: शेवानेला अल्गी, पाण्यात राहणारा एक जंतू. पाण्यातून दवाखान्यात आणि दवाखान्यातून पाण्यात, असा दोन्हीकडचा रस्ता चालू आहे. त्यावर एकट्या मासेवाल्याला नाका बांधायला सांगून भागणार नाही.

आता हिशेब मागा

माशाची भीती घेऊ नका. नीट शिजवलेल्या माशातले जंतू मरतात. कच्च्या मासळीची सुरी आणि पाट कोशिंबिरीला लावू नका, हात धुवा, आणि सर्दी झाली म्हणून स्वतःच्या मनानं प्रतिजैविक घेऊ नका. आपल्या मोरीतून जे वाहतं तेही शेवटी खाडीतच जातं.

२०१८ मध्ये मासळीतल्या फॉर्मेलिन या रसायनावरून गोव्यात केवढं वादळ उठलं! बाहेरच्या राज्यांतली मासळी पंधरा दिवस बंद झाली. ताटातल्या रसायनासाठी लोक रस्त्यावर येतात, गाळातल्या जंतूसाठी कुणी येत नाही, कारण तो दिसत नाही आणि त्याचं बिल दुसऱ्याच कुणाच्या तरी दवाखान्यात फाटतं. मासे आणि जनावरांमधल्या औषध-प्रतिकारावर नजर ठेवणारं ‘इन्फार’ हे जाळं भारतीय कृषी संशोधन परिषदेनं जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मदतीनं उभं केलं आहे. ते जंतू मोजतं. औषध किती वापरलं गेलं हे मोजणारं तसं जाळं अजून हवं आहे.

नॉर्वे दरवर्षी किलोपर्यंतचा आकडा छापतो. चिलीत कंपनीवार आकडा न्यायालयानं बाहेर काढला. आपल्याकडे कोणत्या जिल्ह्यातल्या तळ्यांत वर्षाला किती किलो प्रतिजैविक पडलं, याचा आकडा नागरिकाला कुठेही वाचायला मिळत नाही. तो जिल्हावार जाहीर व्हावा आणि दाखला देताना कोळंबीबरोबर तळ्याचा गाळही तपासला जावा, या दोन मागण्या आपल्या आमदार-खासदारांपुढे ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.